उभ्या गाडीवरून पडलेल्यांनी इथे हजेरी लावा

सैलचेन

मंडळी, काल गाडी पाडली. वेग किती होता ते आधीच सांगतो, शून्य. पाऊस नव्हता, तेल सांडलेलं नव्हतं, खडी नव्हती, कुत्रं आडवं आलं नव्हतं. कोरडं, झाडून ठेवल्यासारखं पार्किंग. आणि मी १२ वर्षांचा अनुभवी, जाकीट-हातमोजे-बूट घालून नवरदेवासारखा सजलेला.

यू टर्न घेत होतो. पहिला गिअर, हाफ क्लच, हँडल डावीकडे पूर्ण वळवलेलं. कडेला एक पोरगं चेंडू खेळत होतं. ते मध्ये आलंच नाही, येईलसं मला वाटलं, तेवढ्यावर उजव्या हाताची चारही बोटं पुढच्या ब्रेकवर. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, तिथे मागच्या ब्रेकवर काम भागवायचं, हे मी स्वतः निदान पाच जणांना शिकवलंय. गाडी जागीच थांबली आणि डाव्या कुशीवर बसायला लागली, म्हैस बसते तशी, सावकाश. सबंध पार्किंगमध्ये पाणी जायला एकच पन्हळ केलेली, पाय टेकला तो नेमका तिच्यात. १९० किलो. थोडा वेळ वाटत राहतं की धरली, धरली, धरली. त्यापुढे आपल्या हातात फक्त तिला हळूच खाली ठेवणं उरतं.

पडल्यावर लागलंय का ते बघायच्या आधी कोणी बघितलं का ते बघितलं. बाल्कनीत एक आजोबा होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर परत वर केला.

क्लच लिव्हरचं टोकाचं बोंड गेलं, डावा आरसा फिरला, इंडिकेटर वायरीवर लोंबतोय. अंगाला ओरखडा नाही. आता खरं सांगा, इथे असा कोणी आहे का ज्याची गाडी उभ्या उभ्या पडलेली नाही?

अर्धाक्लच

हजर. तीनदा. त्यातल्या दोन वेळा साइड स्टँड लावलाय असं समजून मी रुबाबात उतरलो होतो. तिसऱ्यांदा लावला होता, पण उन्हाने डांबर मऊ झालेलं. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर स्टँड आत रुतलेला आणि गाडी शेजारच्या गाडीच्या खांद्यावर मान टाकून निजलेली. तेव्हापासून डिकीत एक सपाट डबा चेपून ठेवलाय, स्टँडखाली घालायला.

आजोबांना दंडवत. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं म्हणजे तेही जुने रायडर असणार.

जुनाकार्ब

सैलचेन, उचललीस कशी ते लिहिलं नाहीस. गाडी पडली ह्यात मान जात नाही, उचलताना कंबर गेली की जाते.

पोरांनो, वाकून, समोरून, वेटलिफ्टिंग केल्यासारखी उचलू नका. आधी चावी बंद. गिअरमध्ये असू द्या म्हणजे सरकत नाही. उजव्या कुशीवर पडली असेल तर ती खाली असतानाच साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उचलण्याचा जोर जास्त झाला की पलीकडे जाते. (माझी गेलीय. एकाच जागी दोन्ही बाजू खरवडून घेतल्या, निदान समतोल राखला.) मग गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, जमिनीकडची मूठ टाकीजवळ येईल असं हँडल पूर्ण वळवून ती मूठ एका हाताने धरायची, दुसऱ्या हातात मागची पकड. पाठ सरळ, आणि पायांनी ढकलत छोट्या छोट्या पावलांनी मागे चालायचं. माझ्या वयात, माझ्या वजनात जमतं.

सैलचेन

काका, वाकून, समोरून, वेटलिफ्टिंग केल्यासारखीच उचलली. आज कंबरेला शेक चालू आहे. :(

चवड्यावर

माझा आयडी वाचूनच कळलं असेल. माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, कुठल्याच गाडीवर नाहीत. त्यामुळे थांबायच्या १० फूट आधी मी जमीन वाचते. कुठे खळगा, कुठे उंचवटा, आपला पाय कुठे पडणार. तरी गाडी पाडली ती ह्या कारणाने नाही, हे आवर्जून नोंदवते.

बुटाची लेस गिअरच्या लिव्हरला गुंडाळली गेली होती. चालत्या गाडीवर कळत नाही, कारण पाय तिथेच असतो. सिग्नलला थांबले, डावा पाय काढायला गेले, पाय येईना. ते पाऊण सेकंद मला आजही सविस्तर आठवतं. मी पायाकडे बघितलं, पायाने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही सगळे डावीकडे निघालो. खाली पडल्यावरसुद्धा लेस सुटेना. गाडी, मी आणि बूट, तिघं एकमेकांना बांधलेले, आणि सिग्नल हिरवा झालेला. एका रिक्षावाल्या दादांनी उतरून शांतपणे माझा बूट पायातून काढला, गाडी उभी केली, मग बूट सोडवून हातात दिला. एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

आता गाठ मारून लेस आत खोचते. बुटात, सॉक्सच्या आत.

खिळापंक्चर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! "पायाने माझ्याकडे बघितलं" _/\_

मी डिस्क लॉकवाला. कुलूप पुढच्या चाकाला, चावी खिशात, डोकं घरी. गाडी अर्धं चाक पुढे गेली, कुलूप कॅलिपरला थडकलं, गाडी आडवी. लॉकबरोबर एक नारिंगी रंगाची पिळाची वायर येते, ती लॉकपासून हँडलपर्यंत अडकवायची असते म्हणजे विसरायला होत नाही. माझी ती वायर पिशवीतून बाहेर काढलेलीच नव्हती. ती दिसायला वाईट दिसते म्हणून.

शून्यपडझड

धागा मजेशीर आहे, पण प्रामाणिकपणे सांगतो, मी १८ वर्षं चालवतोय आणि एकदाही गाडी पाडलेली नाही. बसताना साइड स्टँड, आरसे, न्यूट्रल, ब्रेक असा क्रम ठेवला की काही होत नाही. लक्ष हवं, बाकी काही नाही.

अर्धाक्लच

दृष्ट काढून घ्या दादा.

पाठीमागचीसीट

ह्या धाग्यासाठी खास आयडी काढला आहे. वरचे शून्यपडझड हे माझे यजमान. गाडी पाडलेली नाही हे अगदी खरं आहे.

पंपावर मी पाय मोकळे करायला उतरले होते. ह्यांनी पेट्रोल भरलं, आरसे बघितले, न्यूट्रल बघितलं, ब्रेक बघितले आणि निघून गेले. मागची सीट तेवढी क्रमात नव्हती. माझी पर्स, फोन सगळं गाडीच्या बॅगेत. पंपावरच्या मुलाने मला बसायला स्टूल दिलं. हे परत आले २५ मिनिटांनी. विचारलं, कधी कळलं? तर म्हणे, मी तुला काहीतरी विचारलं आणि तू उत्तर दिलं नाहीस. म्हटलं, मग? तर म्हणे, वाटलं रागावली असशील, म्हणून गप्प राहिलो अजून थोडा वेळ.

चवड्यावर

ताई!!!! तुम्ही हा आयडी बंद करू नका प्लीज.

खिळापंक्चर

शून्यपडझड, आहात का अजून?

शून्यपडझड

आहे. लक्षाबद्दलचं विधान मागे घेतो.

जुनाकार्ब

आता कार्ब्युरेटरच्या काळातलं एक. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांवर वाढलेल्यांना रिझर्व्ह म्हणजे काट्यावरचा दिवा. आमच्याकडे टाकीखाली डाव्या बाजूला कॉक असायचा, म्हणजे पेट्रोलची तोटी. ऑन, ऑफ, रिझर्व्ह. गाडी भर रस्त्यात आचके द्यायला लागली की डावा हात हँडल सोडून गुडघ्याखाली जायचा आणि न बघता कॉक फिरवायचा. ते चालत्या गाडीवर, वेग फारसा न जाता जमायला लागलं म्हणजे पोरगं तयार झालं असं धरायचे.

गंमत अशी की कॉक रिझर्व्हला टाकला, पेट्रोल भरलं, आणि परत ऑनला आणायला विसरलं की पुढच्या खेपेला रिझर्व्ह शिल्लकच नसतो. आचका आला, हात गेला, कॉक आधीच तिकडे फिरलेला. पोटात खड्डा पडतो तो तिथे. मग शेवटचा उपाय. टाकी ही गाडीच्या मधल्या पाइपावर खोगिरासारखी बसलेली असते, आतून दोन कप्पे झाल्यासारखी. कॉक एका बाजूला, त्यामुळे दुसऱ्या बाजूला चार-दोन घोट उरतात. गाडी कॉकच्या बाजूला चांगली आडवी करायची, डुबुक आवाज आला की सरळ करायची. दोन-तीन किलोमीटर सुटतात. एकदा भावाने मदत म्हणून उलट्या बाजूला आडवी केली होती. होतं नव्हतं तेही पलीकडे गेलं. नऊ किलोमीटर ढकलली, आळीपाळीने, आणि एकमेकांशी न बोलता.

नुसतावाचक

इतकी वर्षं फक्त वाचतो, आज लिहितोय. उजव्या पोटरीवरच्या सायलेन्सरच्या शिक्क्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? माझा शाळेत असतानाचा आहे, मामाच्या गाडीवरून चुकीच्या बाजूने उतरलो तेव्हाचा. आता चहाच्या बशीएवढा होता तो पोटरी वाढल्यामुळे ताणून लांबट झालाय. मामाने टूथपेस्ट लावली होती.

चवड्यावर

टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका हो कोणी. भाजल्या भाजल्या वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, चांगली २० मिनिटं. बर्फही नको. आणि डाव्या बाजूने उतरायचं!

खिळापंक्चर

शिक्का: हजर. हाफ पँटमध्ये गाडी धुताना. सायलेन्सर गार झाला असेल असं वाटून.

वळणवेडा

सकाळपासून वाचून हसतोय. आता जे लिहितोय ते हसण्यासारखं नाही, धाग्याचा मूड बिघडला तर माफ करा. पण सैलचेनने पहिल्याच ओळीत "खडी नव्हती" लिहिलं ना, ते वाचून अडकलो.

तीन वर्षांपूर्वी घाटात पडलो. आम्ही चौघं होतो, पुढचा माझ्यापेक्षा बराच सरस. त्याच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून तो जाईल तसा मी जात होतो, म्हणजे माझ्या वेगाने नाही, त्याच्या वेगाने. एका उजव्या वळणात आत शिरल्यावर कळलं की जास्त आलोय. दोन गोष्टी केल्या, दोन्ही चुकीच्या. झटक्यात रेस सोडून ब्रेकला हात घातला, त्याने गाडी सरळ उठून बाहेरच्या बाजूला निघाली. आणि दुसरी, कठड्याकडे बघितलं. दगडी कठडा, वर पांढरा चुना, एक दगड निखळलेला. मला तो निखळलेला दगड आजही काढून दाखवता येईल. जिथे बघतो तिथे गाडी जाते, हे सगळ्यांना पाठ असतं. मला पण होतं. ती बरोबर त्या दगडाकडे गेली.

हासळीचं हाड मोडलं, मनगटाला प्लेट. सात आठवडे. जाकीट आणि हेल्मेट होतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

त्या वळणात रस्ता पुरेसा होता. गाडीही अजून वाकली असती, टायरच्या कडेला न वापरलेला दीड बोट रबर तसाच होता, नंतर बघितला. नजर वळणाच्या शेवटाकडे नेऊन उजवी मूठ पुढे दाबली असती तर निघालो असतो. पण हे तांत्रिक झालं. लिहायचं दुसरंच होतं. दवाखान्यात पहिल्याने विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, खडी होती वळणावर. मग घरी तेच सांगितलं, ऑफिसात तेच, गाडी दुरुस्त करणाऱ्यालाही तेच. इतक्यांदा सांगितलं की मलाच ती खडी दिसायला लागली, बारीक, काळी. पुढे असलेल्या मित्राने एकदा फक्त विचारलं, मला नाही दिसली रे खडी. तेव्हापासून त्याच्याबरोबर जायचं टाळतो. तीन वर्षं.

खडी नव्हती.

अर्धाक्लच

...

वळणवेडा, लिहिलंस ते बरं केलंस. मलाही एका कुत्र्याबद्दल बोलायचंय. २०१४ पासून ते कुत्रं मी सगळ्यांना सांगतोय. काळं होतं, डावीकडून आलं, वगैरे. तसं काही नव्हतं. ओल्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर वाकवलेल्या गाडीचा ब्रेक दाबला. पाऊस नुकता सुरू झालेला, पहिली १०-१५ मिनिटं, जेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन साबण होतो. पट्टा, गटाराचं लोखंडी झाकण, रेल्वे फाटकाचे रूळ, ह्यांच्यावर ओल्यात गाडी सरळ ठेवायची आणि हातपाय स्वस्थ ठेवायचे, हे मला माहीत होतं. मग "माहीत असून पडलो" असं सांगण्यापेक्षा कुत्रं बरं वाटलं.

खिळापंक्चर

माझं नवीन टायर. दुकानातून निघालो, पहिल्याच कॉर्नरला. सांगताना मी नेहमी "कोणीतरी डिझेल सांडलं होतं" म्हणतो. नव्या टायरचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत, पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर, सांभाळून घ्यायचं असतं. टायर बसवणाऱ्याने तेच शब्द सांगितले होते, पावती देताना.

सैलचेन

धागा उघडला तेव्हा दोन-चार विनोद होतील एवढंच वाटलं होतं. वळणवेडा, मित्राला फोन करा राव.

खरं सांगायचं तर माझ्या कहाणीतलं ते चेंडू खेळणारं पोरगं. होतं. पण लांब होतं. बरंच लांब.

ब्रेकआधीमागचा

वळणवेडा, "उजवी मूठ पुढे दाबली असती" हे नीट कळलं नाही. उजवीकडे वळायला हँडल उजवीकडे वळवायचं ना? उजवी मूठ पुढे दाबली तर चाक डावीकडे जाईल.

जुनाकार्ब

जाईल, क्षणभर. आणि चाक डावीकडे सरकलं की गाडीचा वरचा भार उजवीकडे कलंडतो, वळणाला तोच कल हवा असतो. चालायच्या वेगात हँडल वळेल तिकडे गाडी वळते, वेग वाढला की उलटं. आपण सगळे नकळत तसंच करतो, सायकलवरसुद्धा. मोकळ्या मैदानात ताशी ३० ने सरळ जाऊन उजवी मूठ एका बोटाने हलकेच पुढे ढकलून बघ. एका बोटाने, तळहाताने नको. गाडी उजवीकडे झुकेल. मला हे कळलं तेव्हा चालवायला लागून ११ वर्षं झाली होती, आणि तोपर्यंत मी गाडी ढुंगणाने वळवतो अशी माझी समजूत होती.

धूळखातापुस्तक

अवांतर, पण राहवत नाही. गाडीवरची पहिली फजिती पहिल्याच मोटारसायकलवर झालेली आहे. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख ह्यांनी लाकडी सांगाड्याची, दोन्ही बाजूंना तोल सांभाळायला छोटी चाकं लावलेली गाडी केली. नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पाउल ती घेऊन निघाला. इंजिन पेटवायची तापलेली नळी बरोबर सीटच्या खाली. वाटेत सीटने पेट घेतला असं सांगतात. नुसतावाचक, तुमच्या पोटरीच्या शिक्क्याला एवढी जुनी परंपरा आहे.

दुसरं हेल्मेटबद्दल. १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, तोच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी, दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना गाडीवरून फेकला गेला. डोक्याला मार, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्कराच्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटने काय फरक पडतो ते छापलं.

आणि वळणवेडा, अर्धाक्लच, तुमच्या कबुल्यांना जोड म्हणून. १९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट ह्यांचा अहवाल आला, लॉस एंजेलिस भागातले ९०० अपघात जागेवर जाऊन तपासलेले. त्यात पडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून चालवायला शिकलेले निघाले. वाचलं तेव्हा मला मोठ्या भावाचा आवाज ऐकू आला, "क्लच सोड! सोड रे! हळू! अरे हळू!"

चवड्यावर

"क्लच सोड! हळू!" आमच्याकडे बाबा. गाडीच्या मागे चपला घालून धावत.

आटेगेलेला

पडण्याचं बरंच झालं, एक उघडण्याचं सांगतो. ऑइल घरी बदलायचं ठरवलं. व्हिडिओ पाहिला, पान्हा आणला. जुनं ऑइल काढून झालं, खालचा बोल्ट परत लावताना मनात आलं, गळायला नको, अजून एक पीळ. मग अजून एक. आणि मग ते झालं. हाताला एकदम लोणी लागल्यासारखं. बोल्ट फिरतोय, फिरतोय, आवळत नाही. चेंबर अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, आटे अॅल्युमिनियमचेच जाणार. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत सीटखाली, पिशवीची चिकटपट्टी शाबूत.

मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, मान वर केली आणि विचारलं, "घरी केलं?" एवढंच. भोकात नवा आटा बसवून दिला त्याने.

जुनाकार्ब

त्या "घरी केलं?" मधून गेल्याशिवाय गाडी आपली होत नाही बाबा.

नवीनलायसन

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी लायसन मिळालं. धागा चुकीचा असेल तर सांगा, पण इथे सगळे जाणकार दिसले. गाडी अर्ध्या तासापासून त्रास देतेय. न्यूट्रलमध्ये बटण मारलं की मस्त सुरू होते, रेस घेते. पहिला गिअर टाकला की फट्कन बंद. पेट्रोल आहे. ते इंजिन बंद करायचं लाल बटण पण बघितलं. क्लच नीट दाबतोय. बॅटरी गेली असेल का? बाबा गाडी ढकलत गॅरेजला न्यायची म्हणतायत.

अर्धाक्लच

😀

खिळापंक्चर

कोणी सांगू नका, दोन मिनिटं थांबा.

चवड्यावर

अहो, छळू नका त्याला. दादा, खाली डावीकडे बघ. साइड स्टँड. तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडावं अशीच स्विचची रचना असते.

नवीनलायसन

हो.

नवीनलायसन

बाबांना बॅटरी म्हणून सांगू का?